माती ते झाकण

शाकीर म्हणाला, आधी घर लाव, मग ये.
भद्रकालीत त्याचं माशांचं दुकान.
मागच्या फळीवर, दह्याच्या डबीत,
टिश्यूच्या सुरकुतीत ती होती,
अंगठ्याएवढा केसाळ अंधार.

म्हणून रविवार.
मखमलाबाद नाक्यावरून कोकोपीटची वीट आणली,
पॉलिहाऊसवाले नेतात तीच.
बादलीत टाकली की फुगत जाते,
विटेचं शेत होतं.
मूठ पिळायची. धार लागली तर जास्त,
एखादा थेंब बोटांत अडला तर बरोबर.
हे तर थालीपिठाचं, आई म्हणाली,
आणि बाकीचं बोलली नाही.

काचेची पेटी पगारांच्या गाळ्यातली,
आधी तीत मिठाई असायची,
कोपऱ्यात अजून बर्फीचा चिकटा.
साबण नाही. गरम पाणी, तीनदा.
अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाला सोल्डरिंगने भोकं पाडली
तेव्हा वास जिन्यापर्यंत गेला,
खैरनार काकूंनी बेल वाजवून विचारलं, काय जळतंय?
घर, मी म्हणाले.

मी अंबडला क्वालिटीत आहे.
दिवसभर बुशिंगचे व्यास तपासते,
दोन शतांश इकडेतिकडे झालं की लाल खूण.
मग मातीही व्हर्नियरनेच मोजली.
शाकीरचा नियम असा:
माती ते झाकण, अंतर
तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट, जास्त नको.
ती काचेवर चढते. चढणारच.
आणि पोट तिचं पाण्याच्या फुग्यासारखं,
उंचावरून पडली की फुटतं.
तिला चढू द्यायचं,
जमीन वर आणायची.

कॉलेज रोडच्या त्या इमारतीला
कुणी जमीन वर आणली नव्हती.
बांबूची परांची, ऑफव्हाइट रंग,
डब्यात अर्धा लिटर उरला होता
तो ठेकेदाराने घरी पोचवला, बाबांच्या चपलांसोबत.

माती दाबताना आठवलं, इतकंच.
मी आणखी एक थर टाकला.

लपायला फुटक्या माठाचं खापर,
कडा फरशीवर घासून बोथट केल्या, अर्धं पुरलं.
पाण्याला बाटलीचं झाकण.
दगड नाही, बल्ब नाही.
खिडकीतही नाही, उन्हात काच म्हणजे तवा.
निफाडकडून गारठा सरकू लागला की
पेटी कपाटात, आईच्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात
(हे आईला अजून सांगायचंय).
शाकीरने फुकट दिलेलं प्लास्टिकचं फूल
आईने फ्रिजवर ठेवलं.

डबी आडवी केली.
ढकलायला मऊ ब्रश हवा, अर्ध्या इंचाचा.
तो घरात होताच.

दोन दिवस ती हललीच नाही.
मेली असं वाटलं, फोन केला,
शाकीर म्हणाला, तू नवीन घरी गेलीस की लगेच नाचतेस का?

तिसऱ्या रात्री खापराला वळसा घालून
ती ओल्या कोपऱ्यात गेली,
जिथे मी काहीच केलं नव्हतं,
आणि खोदू लागली.
तोंडात मातीचा गोळा, बाहेर ठेवायचा, परत आत.
मी इतका सपाट केलेला पृष्ठभाग
तिने रिजेक्ट केला,
लाल खुणेशिवाय.
मला कारखान्यात असं कुणी कधी हसवलं नाही.

अडीचला आई पाणी प्यायला उठली.
ओट्याशी जाण्याआधी पेटीवर वाकली.
चढली का गं?
अजून नाही.
तिने काचेला बाहेरून हात आडवा लावला,
माती ते झाकण,
चार बोटं मोजली,
पुन्हा एकदा मोजली,
मग दिवा बंद केला.